चॅरिझार्ड ओरिजिनल की डुप्लिकेट? साताऱ्यातून मदत हवी आहे

अजिंक्यताऱ्याखाली | शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येतो, धागा काढायची ही पहिलीच वेळ. विषय पोरखेळाचा आहे, पण त्यावरून घरात कालपासून अबोला आहे म्हणून लिहितोय.

चिरंजीव सहावीत. दिवाळीच्या सुट्टीत कॉलनीतल्या पोरांना पोकेमॉन कार्डांचं वेड लागलंय. पार्किंगमध्ये सतरंजी टाकून सकाळपासून अदलाबदलीचा बाजार भरतो. काल आमच्या बहाद्दराने मामाने वाढदिवसाला दिलेली काश्मीर विलोची बॅट आणि वर आजीने दिलेले ६०० रुपये देऊन शेजारच्या बिल्डिंगमधल्या नववीतल्या मुलाकडून एकच कार्ड घेतलं. नाव चॅरिझार्ड, खाली कोपऱ्यात ४/१०२ असा आकडा. कार्ड जाड पारदर्शक डबीत आहे, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. "बाबा, अमेरिकेत हे दीड लाखाला जातं," असं मला सांगण्यात आलं.

सौ.चं म्हणणं, आत्ताच्या आत्ता जा आणि बॅट घेऊन या. पण त्या मुलाचे वडील आणि मी रोज एकाच वेळी गाड्या काढतो. पुराव्याशिवाय तोंड कसं उघडणार? मी बँकेत कॅशला आहे, १८ वर्षं नोटा हाताळतोय. खोटी नोट बंडलात असेल तर डोळ्याआधी बोट थांबतं. या कार्डाला बोट लावायचीही सोय नाही, डबीत बंद. पुढच्या बाजूचा फोटो खाली देतोय. जाणकारांनी सांगावं.

तिखट भडंग | शनिवार, रात्री १०.१९

पाठीमागचा फोटो टाका. पुढचं तोंड काय, सगळीच रंगवत्यात.

घाटमाथा | शनिवार, रात्री १०.३१

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या भाच्याकडे चिक्कार आहेत असली, यात्रेतल्या स्टॉलवरची.

अर्धा इंजिनियर | शनिवार, रात्री ११.०५

काका, मी सांगलीत वालचंदला आहे, शाळेपासून कार्डं जमवतो. फोटो बघून नव्वद टक्के सांगतो, पण तुम्हाला कारणं हवीत म्हणून नीट लिहितो.

४/१०२ म्हणजे पहिल्या इंग्रजी संचातलं कार्ड. जपानमध्ये हा खेळ १९९६ ला आला, इंग्रजीत १९९९ ला. तेव्हा तो विझर्ड्स ऑफ द कोस्ट ही कंपनी छापायची. त्या संचात १०२ कार्डं, त्यातलं चौथं हे. चित्र मित्सुहिरो अरिता या चित्रकाराचं. उजव्या बाजूला वर १२० एचपी (म्हणजे खेळातली त्याची जीवशक्ती), खालच्या हल्ल्याचं नाव फायर स्पिन, त्यापुढे १००. एवढं तुमच्या कार्डावर बरोबर आहे. पण हे इंटरनेटवर कुणालाही सापडतं, त्यामुळे त्यावर फार जाऊ नका.

आता चमक बघा. १९९९ च्या या कार्डात फक्त चित्राची चौकट चमकते. भोवतीची पिवळी किनार, खालचा मजकुराचा भाग, सगळं साधं. तुमच्या फोटोत ट्यूबलाइटचा इंद्रधनुष्यी पट्टा पिवळ्या किनारीवरून थेट नावापर्यंत गेलेला दिसतोय, म्हणजे संपूर्ण कार्डावर चमकी फिल्म चढवलेली आहे. चित्र सोडून बाकी भाग चमकणारी कार्डंही नंतर आली, पण ती दुसऱ्या संचांची. १९९९ च्या या कार्डाची तशी आवृत्ती नाही.

अक्षरंही थोडी बुटकी आणि जाड वाटतात. जुन्या कार्डांवर गिल सान्स टाइप असायचा. पण फोटोवरून याची पैज नाही लावणार.

आणि त्या डबीवर जाऊ नका. स्क्रूची डबी कुणीही विकत घेऊन कार्ड आत घालू शकतो. ग्रेडिंग केलेल्या, म्हणजे एखाद्या कंपनीने तपासून दर्जा ठरवलेल्या कार्डाचं आवरण वेगळं असतं. ते कडेने कायमचं चिकटवलेलं असतं, वर लेबल आणि क्रमांक. तो क्रमांक त्या कंपनीच्या साइटवर घालून बघायचा आणि तिथला फोटो आपल्या हातातल्या कार्डाशी ताडायचा. नुसता क्रमांक जुळून भागत नाही, कारण खऱ्या कार्डाचा क्रमांक उचलून खोट्या लेबलवर छापतात.

निवृत्त मास्तर | रविवार, सकाळी ६.४०

सगळं वाचलं. पुठ्ठ्याच्या तुकड्याला दीड लाख रुपये! आमच्या वेळी काड्यापेटीचे छाप गोळा करायचो, फुकट मिळायचे. खरं कार्ड काय आणि खोटं काय, दोन्ही कागदच ना? मुलाला पुस्तकं आणून द्या.

तिखट भडंग | रविवार, सकाळी ७.०२

मास्तर, आवं तुमची ती शिवराई नाणी काय बाजारात चालत्यात व्हय? गेल्या वर्षी एका शिवराईसाठी कराडला जाऊन आला तुम्ही, इथंच लिवलंय तुम्ही.

निवृत्त मास्तर | रविवार, सकाळी ७.३५

बरोबर पकडलंत! माघार घेतो.

मग शिवराईचंच सांगतो, कदाचित उपयोग होईल. खरी शिवराई ठशाने ठोकलेली असते. खोटी बहुतेक वेळा साच्यात ओतलेली. ओतलेल्या नाण्याच्या अंगावर भिंगातून बारीक खड्डे दिसतात, हवेच्या बुडबुड्यांचे. कडेला साच्याच्या दोन अर्ध्या भागांची शिवण दिसते, नाहीतर ती घासून काढल्याचे ओरखडे दिसतात. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत. नकल करणाऱ्याला नाणं मिळतं, टांकसाळ मिळत नाही. कार्डांमध्ये असं काही असतं का?

खणभाग छापखाना | रविवार, सकाळी ११.२०

मास्तरांनी माझ्या तोंडचं वाक्य घेतलं.

३० वर्षं छापखान्यात आहे. लग्नपत्रिका, बेदाण्याचे बॉक्स, हळदीची लेबलं, निवडणुकीची पत्रकं. पोकेमॉन मला नातवामुळे कळला, पण कागद आणि शाई आधीपासून कळते. कॅशियरसाहेब, जवळच्या सराफाकडून किंवा घड्याळवाल्याकडून दहा पटीचं भिंग मागून घ्या आणि चित्र राहू द्या, काळी अक्षरं बघा.

कारण सांगतो. रंगीत छपाई चार रंगांची: सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी, आणि त्या प्लेटवर ठिपक्यांची जाळी. चारही जाळ्या वेगवेगळ्या कोनात फिरवलेल्या असतात. एकावर एक बसल्या की भिंगाखाली बारीक फुलांची नक्षी दिसते. आम्ही तिला रोझेट म्हणतो. चांगल्या कार्डाच्या चित्रात ही फुलं स्वच्छ दिसतात.

आता मूळ कार्ड छापणाऱ्याकडे त्याची फाईल असते. त्यात चित्र निराळं, मजकूर निराळा. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर जातो, सलग, ठिपक्यांशिवाय. म्हणून खऱ्या कार्डाचं काळं अक्षर भिंगाखाली ब्लेडने कापल्यासारखं दिसतं. डुप्लिकेटवाल्याकडे फाईल नाही. त्याच्याकडे आहे तयार कार्ड. तो ते स्कॅन करतो. स्कॅनरच्या लेखी अक्षर काय नि ज्वाळा काय, सगळा फोटोच. मग प्लेट काढताना ते काळं अक्षरही चार रंगांत फुटतं. कडेला गुलाबी, निळी झालर येते, आतला काळा रंग भरडा दिसतो. शिवाय मूळ कार्डातले ठिपके स्कॅनमध्ये आलेलेच असतात, त्यावर याची नवी जाळी बसते. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरून हलवल्या की लाटा दिसतात ना? त्या लाटा सपाट रंगाच्या जागी उमटतात.

हुशार माणूस मजकूर नव्याने टाइप करून घेतो. मग झालर जाते, पण टाइप हुबेहूब मिळत नाही, अक्षरांमधलं अंतर चुकतं, कुठेतरी एखादं चिन्ह राहून जातं. पाठीमागे इंग्रजीत पोकेमॉन लिहिलेलं असतं, त्यातल्या ई अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ हवी. ती बऱ्याच डुप्लिकेटांवर नसते. आमच्याकडेही ग्राहक जुनी पत्रिका आणून "अशीच छापा" म्हणतात, तेव्हा पहिली भांडणं वेलांटी आणि अनुस्वारावरूनच होतात.

गावभाग | रविवार, दुपारी १.१५

माझ्याकडे या विषयाचं नको तेवढं ज्ञान आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझी आणि धाकट्या भावाची कार्डं होती. काही आतेभावाने दुबईहून आणलेली, काही शाळेबाहेरच्या दहा रुपयांच्या पाकिटातली, सगळी एकत्र. पाणी ओसरल्यावर आठवड्याने डबा उघडला. दहा रुपयांवाल्यांचा लगदा झाला होता, एकमेकांना चिकटून एकच वीट. आतेभावाची कार्डं फुगली होती, पण वेगळी निघाली. आईने ती गच्चीवर गहू वाळवायच्या चादरीवर पसरली. ऊन लागलं तशी कड उकलायला लागली आणि एकेका कार्डाचे पापुद्रे सुटले. पुढचा कागद, मागचा कागद आणि मध्ये काजळासारखा काळा थर. तोवर पाच-सहा वर्षं ती कार्डं हातात खेळवली होती, पण आत काळं काही आहे हे माहीत नव्हतं. बोटांना डाग पडले.

पापुद्रे अजून ठेवलेत. भाऊ म्हणतो टाकून दे.

खणभाग छापखाना | रविवार, दुपारी २.०५

गावभाग, आमची दोन मशिनं गेली त्या पुरात. असो.

तो काळा थर उजेड अडवायला असतो. चांगल्या पत्त्यांच्या कॅटमध्येही तेच असतं, नाहीतर दिव्यासमोर धरलेला पत्ता समोरच्याला पाठीमागून दिसेल. दोन कागदांच्या मध्ये गडद थर देऊन चिकटवतात. साधं आर्ट कार्ड सगळ्या जाडीत पांढरं असतं. म्हणून मोबाइलची बॅटरी (टॉर्च) पाठीमागे लावली की डुप्लिकेट कंदिलासारखं उजळतं.

मिरजकर | रविवार, दुपारी २.४०

एवढं कशाला, कोपरा फाडून बघा. काळी रेघ दिसली तर खरं. दोन सेकंदांत निकाल.

अर्धा इंजिनियर | रविवार, दुपारी २.४४

आणि खरं निघालं तर? फाटका कोपरा चिकटवणार का? फाडायचं असेल तर त्याच विक्रेत्याकडून घेतलेलं दुसरं फालतू कार्ड फाडावं. वाकवून बघणे, पाण्याचा थेंब टाकणे हे प्रकारही नकोत.

उजेडाची परीक्षा चांगली आहे, पण एकटीवर विसंबू नका. हल्ली काळ्या थराचा कागद वापरून केलेल्या डुप्लिकेटाही येतात. उलट खऱ्या कार्डांतही छपाईनुसार थोडा फरक पडतो. म्हणून शंकेतलं कार्ड आणि खात्रीचं कार्ड शेजारी शेजारी धरायचं. खात्रीचं कार्ड महागडं असायची गरज नाही, खेळातलं पाच रुपयांचं साधं एनर्जी कार्डही चालतं. पाठ, कागद, आकार, वजन सगळं त्यावर ताडता येतं. आकार ६३ बाय ८८ मिलिमीटर, वजन पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. मात्र नव्या इंग्रजी कार्डांची पुढची किनार पिवळी नसून राखाडी आहे, २०२३ पासून बदलली. तेवढ्यावरून घाबरू नका.

काका, मी बुधवारी एसटीने पुण्याला निघालोय. गाडी सातारा स्टँडला थांबेल तेव्हा १९९९ च्या संचातलं एक एनर्जी कार्ड तुम्हाला देतो. परत नको, माझ्याकडे वीस आहेत.

अजिंक्यताऱ्याखाली | रविवार, दुपारी ३.३०

वा! बाळा, वडापाव माझ्याकडून. पाठीमागचा फोटो टाकतोय. निळा रंग मला जरा जांभळट वाटतोय, पण तुमचं सगळं वाचल्यावर आता मला घराची भिंतही जांभळट दिसायला लागली आहे.

कृष्णाकाठची | रविवार, संध्याकाळी ५.१०

माझा प्रश्न वेगळा आहे. ते सोनेरी आणि काळे प्लास्टिकचे पत्ते मिळतात, एका खोक्यात ५५ की किती, ते सगळे डुप्लिकेट का? माझ्या मुलीकडे तीन खोकी आहेत. एकावर तर एचपी चार आकडी आहे.

अर्धा इंजिनियर | रविवार, संध्याकाळी ५.२५

हो ताई, सगळे. चार आकडी एचपीचं खेळातलं कार्डच नसतं. खरी सोनेरी कार्डंही असतात, पण ती कागदाचीच. त्यांच्यावर बोटाच्या ठशासारख्या बारीक रेषा उठवलेल्या असतात, नखाला कळतात. धातूची खरी कार्डंही निघाली होती, २०२१ मध्ये पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या मोठ्या बॉक्समध्ये, चॅरिझार्ड आणि पिकाचू. त्या बॉक्समध्ये ती दोनच. खोक्यात ५५ धातूची कार्डं कुणी देत नाही.

मुलगी खेळते तर खेळू दे. फक्त खऱ्या कार्डाशी बदलू नये एवढं सांगा.

घाटमाथा | रविवार, रात्री ९.००

मग सीलबंद बॉक्सच घेतला तर डोकेदुखी नाही ना?

अर्धा इंजिनियर | रविवार, रात्री ९.४०

लोगन पॉल नावाचा एक अमेरिकन यूट्यूबर आहे. त्याने पोकेमॉनच्या पहिल्या आवृत्तीच्या बॉक्सची सीलबंद पेटी ३५ लाख डॉलरला घेतली. तज्ज्ञांनी खरी ठरवलेली. जानेवारी २०२२ मध्ये कॅमेऱ्यासमोर उघडली, तर आत जी. आय. जो या सैनिकांच्या खेळण्यांची कार्डं. पोकेमॉनचं एकही नाही.

त्याहून भारी गोष्ट २०२५ च्या सुरुवातीची. खेळ बाजारात येण्याआधी, १९९६ च्या सुमारास चाचणीसाठी बनवलेली म्हणून काही कार्डं विकली जात होती. अमेरिकेतल्या नामांकित ग्रेडिंग कंपनीचा शिक्का त्यांच्यावर होता. संग्राहकांपैकी एकाने फोटोंचे रंग बदलून पाहिले तर कागदावर फिकट पिवळे ठिपके. बऱ्याच रंगीत लेझर प्रिंटरमधून निघणाऱ्या पानावर असे डोळ्याला न दिसणारे ठिपके असतात. यंत्राचा क्रमांक आणि छपाईची तारीख त्यात सांकेतिक असते. वाचल्यावर तारीख निघाली २०२४ ची.

खणभाग छापखाना | रविवार, रात्री १०.१५

हे वाचून मी आत्ता आमच्या कलर प्रिंटरचं पान निळ्या एलईडीखाली धरून बघितलं. आहेत की हो! इतकी वर्षं माझ्याच दुकानात माझीच पाळत.

काळा कोट | सोमवार, सकाळी १०.३०

कायद्याची बाजू थोडक्यात. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम १०४ खाली गुन्हा आहे. ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. ऑनलाइन दुकानाकडून "ओरिजिनल" म्हणून घेतलेलं कार्ड डुप्लिकेट निघालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पाकीट उघडताना सलग व्हिडिओ काढून ठेवा.

यातलं काहीही कॉलनीतल्या सतरंजीवर लावू नये. तरी गंमत म्हणून सांगतो. अल्पवयीनाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च न्यायपीठ) १९०३ मध्येच ठरवून दिलंय. इथे दोन्ही पक्ष अल्पवयीन. बॅट तुमचीच आहे, साहेब.

अजिंक्यताऱ्याखाली | गुरुवार, रात्री ११.२०

उशिराबद्दल क्षमस्व. काल स्टँडवर अर्धा इंजिनियर भेटले (पूर्ण इंजिनियर होतील याची खात्री पटली) आणि एनर्जी कार्ड मिळालं. आज सुट्टी टाकली. सगळं चिरंजिवांच्या हातूनच करून घेतलं.

डबीचे चार स्क्रू त्यानेच काढले आणि वाटीत ठेवले. दोन्ही कार्डं पालथी शेजारी ठेवली. त्या क्षणी मला तरी कळलं. एनर्जी कार्डाचा निळा खोल, आत आत जाणारा, तर याचा धुतलेल्या युनिफॉर्मसारखा. ई वरची रेघ होती, पण ठिपक्याएवढी. मग खोलीत अंधार करून बॅटरी लावली. एनर्जी कार्डातून जेमतेम तांबूस धग आली. चॅरिझार्ड मात्र सरळ पेटला! पाठीमागून त्याचे पंख मोजता येत होते.

मग मोती चौकात आमच्या नेहमीच्या सराफाकडे गेलो. त्याने कार्ड काट्यावर ठेवता ठेवता विचारलं, "किती कॅरेटचं?" एनर्जी कार्ड १.७६ ग्रॅम, चॅरिझार्ड १.४८. त्याचंच भिंग घेऊन फायर स्पिनपुढचा १०० चा काळा आकडा बघितला. छापखानेवाले काका, तुमची गुलाबी झालर शून्याच्या पोटात अगदी तशीच आहे. एनर्जी कार्डावरची अक्षरं काळी कुळकुळीत. पोराने भिंग डोळ्याला लावलं, बराच वेळ काढलं नाही. सराफ म्हणाला, "अरे, डोळा दुखेल." त्याने भिंग परत दिलं आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. आल्यावर वाटीतले स्क्रू मोजून डबीला परत बसवले, कार्ड न घालता.

रात्री जेवताना विचारतो, "बाबा, तिसऱ्या मजल्यावरच्याला देऊ का? त्याला कुठे कळतंय." मी घास थांबवला. काय सांगावं?

कृष्णाकाठची | गुरुवार, रात्री ११.४१

आधी हे बघा की त्याने तुम्हाला विचारलं. माझी कन्या विचारतही नाही.

तिखट भडंग | शुक्रवार, सकाळी ७.१०

त्या नववीतल्या पोरानं बी असंच कुणाला तरी इचारलं असंल नाहीतर नसंल. त्याच्याकडं कुठनं आलं ते बघा आधी. उगा त्याच्या बापावर जाऊ नका.

निवृत्त मास्तर | शुक्रवार, सकाळी ७.५०

खोटी शिवराई मी टाकून देत नाही, वेगळ्या डबीत ठेवतो. शिकवायला तीच उपयोगी पडते. पण डबीवर स्पष्ट लिहिलेलं असतं. मी गेल्यावर घरचे ती खरी म्हणून विकायला नकोत.

अजिंक्यताऱ्याखाली | रविवार, रात्री ९.३०

शेवटचा रिपोर्ट.

भडंगराव, तुमचा सल्ला मानला. मी गेलो नाही, चिरंजीवच गेले, दोन्ही कार्डं आणि बॅटरी घेऊन. पार्किंगमध्ये दिवा बंद करून प्रयोग झाला, आठ-दहा पोरं जमली. नववीतल्या मुलाचा चेहरा पडला म्हणे. त्याने ते कार्ड ऑनलाइन कुणाकडून तरी २,२०० रुपयांना घेतलं होतं आणि घरी सांगितलं नव्हतं. खरं चॅरिझार्ड, पहिल्या आवृत्तीचं नसलं तरी, चांगल्या अवस्थेत काहीशे डॉलरला जातं हे त्याला माहीत होतं. म्हणून तर स्वस्तात मिळालं याचा आनंद झालेला. आता त्याच्या घरी अबोला आहे.

बॅट परत आली. ग्रिप नवीन बसवलेली, जुन्यापेक्षा बरी. ६०० पैकी ४०० आले, २०० पुढच्या महिन्यात. मधल्या काळात इतर पोरांनी आपापली कार्डं बॅटरीवर धरून बघितली आणि सतरंजीचा बाजार दोन दिवस बंद पडला. काहींच्या आया माझ्याशी बोलत नाहीत.

आणि तिसऱ्या मजल्याचं. मी त्याला आमच्या काउंटरची पद्धत सांगितली. बनावट नोट सापडली की आम्ही ती ग्राहकाला परत देत नाही. त्याच्यासमोर तिच्यावर शिक्का मारतो, जप्त करतो, पावती देतो. मग ती कुणाच्या खिशात जात नाही. तो म्हणाला, "मग मारा." घरात शिक्का कुठला? शेवटी त्याने बहिणीच्या खेळण्यातलं शाईचं पॅड आणलं, खोडरबरावर कर्कटकाने उलटी अक्षरं कोरली आणि चॅरिझार्डच्या छातीवर जांभळा 'नक्कल' उमटवला. न ला काना लागलाय असं वाटतं, पण वाचता येतं. खाली तारीख. नववीतल्या मुलाच्या संमतीने, कारण माल त्याचा. पावतीही दिली, वहीच्या पानावर.

छापखानेवाले काका, सुट्टी संपायच्या आत त्याला तुमच्याकडे घेऊन यायचंय. प्लेट बघायची म्हणतोय. चालेल का?

खणभाग छापखाना | रविवार, रात्री ९.५८

शनिवारी सकाळी या, मशीन चालू असतं. ते खोडरबरही आणा. उलटी अक्षरं पहिल्या झटक्यात जमली असतील तर त्याला सुट्टीत कामालाच ठेवतो.

घाटमाथा | रविवार, रात्री १०.२०

वाखूसा (वाचनखूण साठवली). भाच्याची बहात्तर कार्डं तपासली. सगळी कंदील.

कोयनेचं पाणी | मंगळवार, दुपारी १२.०५

नमस्कार, मी इथे नवीन. धागा पूर्ण वाचला नाही, पण माझ्याकडे सोनेरी पिकाचू आहे, एकदम ओरिजिनल. किती येतील?

तिखट भडंग | मंगळवार, दुपारी १२.०७

पाठीमागचा फोटो टाका.